स्लॅबला पाणी का मारतात?

उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यात एकाच वेळी तीन-चार घरांची बांधकामे चालू असतात. संध्याकाळी मिस्त्री आणि मजूर घरी गेले, की घरमालक एकमेकांचे काम पाहायला निघतात. वाळूच्या ढिगाशेजारी उभ्या उभ्या गोष्टी होतात. विटा कोणत्या भट्टीच्या घेतल्या? जिना आतून काढावा की बाहेरून? सामान्य माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर बांधतो. म्हणून शेजाऱ्याचे काम पाहूनच तो शिकतो.

एकदा एका खालाजाननी विचारले, "काल आमचा स्लॅब टाकला. आज तो दगडासारखा झाला आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येते. मग मिस्त्री चौदा दिवस पाणी मारायला का सांगतो?"

"स्लॅब वाळू नये म्हणून," एक चाचा म्हणाले. उत्तर बरोबर होते, पण अर्धे होते.

चिखल वाळला की कडक होतो. त्यावर पुन्हा पाणी घातले की तो मऊ होतो. सिमेंटचे तसे नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन नवा पदार्थ तयार होतो. तोच वाळू आणि खडी यांना जखडून ठेवतो. म्हणून तर सिमेंट पाण्याखालीही घट्ट होते. 'पोर्टलंड सिमेंट' या नावाने इंग्लंडमध्ये १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पेटंट घेतले. तो स्वतः गवंडी होता.

हा संयोग काही तासांत संपत नाही. कितीतरी दिवस तो चालूच राहतो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला पहिल्या सात दिवसांत सुमारे दोन तृतीयांश ताकद येते. पूर्ण ताकद २८ दिवसांनी मोजतात. मधेच स्लॅब कोरडा पडला, तर हे काम तिथेच थांबते. वरचा थर कच्चा राहतो आणि बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून पावसाचे पाणी सळयांपर्यंत जाते. सळया गंजल्या की फुगतात आणि छताचे पोपडे खाली पडू लागतात. आयुष्यभराची बचत घालून बांधलेले घर असे आतून खराब होते.

साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि कडक उन्हाळ्यात १० दिवस पाणी द्यावे लागते. आता बाजारात राख मिसळलेले सिमेंट पुष्कळ मिळते. ते सावकाश ताकद धरते. त्याला १४ दिवस पाणी दिलेले बरे. मिस्त्रीचे म्हणणे खरेच होते.

गंमत अशी, की नंतर भरपूर लागणारे हेच पाणी माल कालवताना मात्र बेताचे हवे. ५० किलोच्या एका गोणीला सुमारे २५ लिटर पाणी पुरे होते. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी घालावे. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे राहतात. तरीही कामावर माल पातळ केला जातो. यात एकट्या मजुराला दोष देणे मला पटत नाही. घट्ट माल पसरायला कष्ट जास्त पडतात, मजुरी मात्र तेवढीच मिळते. व्हायब्रेटर आणला तर घट्ट मालही नीट बसतो.

पाणी टंचाईचे असेल, तर स्लॅबवर सिमेंट-वाळूचे लहान बांध घालून शेतातल्यासारखे वाफे करावेत. त्यांत दोन बोटे पाणी साठवावे. नुसते पाइपने मारलेले पाणी उन्हात तासाभरात उडून जाते. खांबांवर पाणी थांबत नाही, म्हणून त्यांना ओले गोणपाट गुंडाळतात. विटाही बांधण्यापूर्वी भिजवून घ्याव्यात, नाहीतर त्या मालातले पाणी शोषून घेतात. पाणी पिण्यासारखे स्वच्छ असावे. समुद्राचे किंवा खारट विहिरीचे पाणी वापरू नये, कारण मिठाने सळया लवकर गंजतात.