नवा गडी कितव्या पायरीवर?

दहावीनंतर बीड किंवा अंबाजोगाई येथील शासकीय तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेतलेला विद्यार्थी अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल होतो तो थेट दुसऱ्या वर्षाला. बारावी करून पहिल्या वर्षापासून शिकत आलेल्यांना हे मनातून थोडे खटकते. 'आम्ही वर्षभर घासली आणि हे मध्येच येऊन बसले,' असा एक सूर असतो. 'मग आम्ही तीन वर्षे कार्यशाळेत काय झोपा काढल्या?' असा दुसरा. गणिताच्या पहिल्या परीक्षेत पदविकावाला अडखळला की पहिल्या सुराला जोर चढतो आणि प्रात्यक्षिकात तोच पुढे गेला की दुसऱ्याला. नेमका हाच वाद गेली वीसेक वर्षे एका अगदी निराळ्या जगात, संगणकावरील ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांत, चालू आहे. तेथे प्रश्न असा असतो : खेळात नव्याने आणलेल्या पात्रवर्गाने सुरुवात कोणत्या पातळीपासून करावी?

ज्यांचा या खेळांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडूने एक पात्र घ्यायचे, त्याचा वर्ग ठरवायचा - कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी जखमा बऱ्या करणारा धर्मोपदेशक - आणि पराक्रम करीत अनुभवगुण मिळवायचे. गुण साठले की पात्र वरच्या पातळीवर जाते. खेळाडूंच्या भाषेत हीच 'लेव्हल'. 1978 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा केवळ अक्षरांतून चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा संगणकीय खेळ रचला. हजारो माणसे एकाच काल्पनिक प्रदेशात एकत्र वावरतात असे आजचे खेळ याच दोन मुळांवर वाढलेले आहेत.

हे खेळ संपत नाहीत, आणि अडचण तेथेच सुरू होते. दर दोन-तीन वर्षांनी कंपनी नवी विस्तार-आवृत्ती काढते, नवे प्रदेश जोडते आणि पातळीची कमाल मर्यादा वाढवते. त्याबरोबर एखादा नवा वर्गही येतो. जुन्या खेळाडूला तो करून पाहायचा असतो. परंतु तोपर्यंत खेळ इतका उंच गेलेला असतो की पहिल्या पायरीपासून चढायचे म्हणजे कित्येक आठवड्यांची निश्चिती. शिवाय खालचे प्रदेश ओस पडलेले. सोबतीला कोणी नाही, वाटेत भेटतो तो शुकशुकाट.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ नोव्हेंबर 2004 मध्ये नऊ वर्गांसह सुरू झाला. चार वर्षांनी, 13 नोव्हेंबर 2008 रोजी, दुसऱ्या विस्तारासोबत त्यात 'डेथ नाइट' हा दहावा वर्ग आला आणि त्याची सुरुवात थेट 55 व्या पातळीवर ठेवण्यात आली. कमाल मर्यादा त्या वेळी 80 होती. हा 55 चा आकडा हवेतून काढलेला नव्हता. आधीच्या विस्तारातील नव्या प्रदेशाचे दार 58 व्या पातळीला उघडत असे. नव्या वर्गासाठी एक स्वतंत्र प्रास्ताविक कथा रचलेली होती. ती पूर्ण होईपर्यंत पात्र साधारण 58 वर पोचे आणि दारातून आत जाई. म्हणजे ओस पडलेला जुना मुलूख टाळायचा आणि जेथे वर्दळ आहे तेथे नवा गडी नेऊन सोडायचा.

यातला एक बारकावा फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. पातळी 55 ची दिली तरी त्या पातळीला शोभणारी कौशल्यगुणांची शिदोरी प्रारंभी हातात दिलेली नव्हती. प्रास्ताविक कथेतील एकेक कामगिरी पार पाडली की तिचे बक्षीस म्हणून ते गुण थोडेथोडे मिळत. पद आधी, पण अधिकार टप्प्याटप्प्याने. शिवाय अट अशी की ज्या खेळाडूचे एखादे तरी पात्र 55 व्या पातळीला पोचलेले असेल त्यालाच हा वर्ग निर्माण करता येई. पूर्णपणे नवख्याला ही वाट बंद होती; पदविका दाखवा, मग दुसऱ्या वर्षात बसा, असाच तो प्रकार.

तरीही व्हायचे ते झाले. हा वर्ग बलाढ्य होता, त्याची हत्यारे लखलखीत होती, त्यामुळे ज्याने त्याने तोच घेतला. पाच जणांच्या चमूत एकाने शत्रूचा मारा अंगावर झेलायचा, एकाने सोबत्यांच्या जखमा भरायच्या, तिघांनी प्रहार करायचे अशी वाटणी असते. त्यात नव्याने आलेल्या पण आपले काम न शिकलेल्या गड्याची झळ उरलेल्या चौघांना बसते. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी टोळ्या बाहेर पडतात तेव्हा नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. टोळीची मजुरी टनावर असल्याने प्रत्येकाचा हात किती चालतो हे सगळ्यांनाच मोजावे लागते. पोटासाठीचे ते कष्ट आणि हा करमणुकीचा व्यवहार यांची बरोबरी करण्याचा उद्देश नाही. पण सामुदायिक कामात नावापुढचा आकडा आणि प्रत्यक्ष हात यांत फरक असतो, एवढे दोन्हीकडे सारखेच खरे.

त्या अनुभवानंतर कंपनीने 2012 मध्ये नेमके उलट केले. 'मंक' हा वर्ग पहिल्या पातळीपासून सुरू झाला, तोही कमाल मर्यादा 90 असताना. मात्र चढण सुसह्य व्हावी म्हणून त्याला दररोज आपल्या गुरुकुलात जाऊन एक छोटी कामगिरी करण्याची सोय होती. ती केली की तासभर अनुभवगुण दीडपट मिळत. रियाजाला बसलेल्या शिष्याला दिलेली ही सवलत कल्पक होती. तरी 2016 मध्ये 'डीमन हंटर' आला तो 98 व्या पातळीवर (मर्यादा 110) आणि 2022 मध्ये 'इव्होकर' आला तो 58 वर (मर्यादा 70). मधल्या काळात, 2020 मध्ये, आकडे फारच फुगले म्हणून 120 पातळ्यांच्या 50 करण्यात आल्या होत्या, हे वेगळेच. एकाच कंपनीला आपले उत्तर इतक्या वेळा बदलावे लागले यावरून प्रश्नाची अवघडता कळते.

मला सर्वांत सुसंगत वाटणारी रीत जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या 'फायनल फँटसी 14' या खेळाची. तेथे एकच पात्र सगळे व्यवसाय शिकू शकते. प्रत्येक व्यवसायाची पातळी स्वतंत्र. 2015 च्या विस्तारातील तीन नवे व्यवसाय 30 व्या पातळीपासून सुरू झाले, मर्यादा 60 होती. म्हणजे चढायला 30 पायऱ्या. ते मिळवण्यासाठी आधीची प्रदीर्घ कथा संपवून एका विशिष्ट नगरीत पोचावे लागे, याबद्दल बरीच कुरकुर झाली. त्यानंतर मात्र एक शिस्त दिसते. 2017 मध्ये आरंभ 50 वर, मर्यादा 70. 2019 मध्ये 60 आणि 80. 2021 मध्ये 70 आणि 90. 2024 मध्ये 80 आणि 100. दर वेळी अंतर 20 पायऱ्यांचे. त्या पातळीचा कोणताही एक व्यवसाय आधीच हाती असला की नवा मिळतो. कथेची अट उरली नाही, परंतु शिकण्यासाठी 20 पायऱ्या राखून ठेवल्या गेल्या. नव्या खेळाडूला हे सूत्र कोणी समजावून सांगावे लागत नाही, आणि जुन्यालाही आपली फसगत झाली असे वाटत नाही.

फसगतीची भावना किती दूर नेऊ शकते याचे उदाहरण म्हणजे 2003 मध्ये सुरू झालेला 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'. चित्रपटांतील जेडाय हा वर्ग त्यात प्रारंभी गुप्त होता. तो उघडण्यासाठी काही ठरावीक व्यवसायांत प्रावीण्य मिळवावे लागे; पण ते व्यवसाय कोणते, हे प्रत्येक पात्रासाठी वेगळे आणि न सांगितलेले. लोकांनी महिनोन् महिने, आवड नसलेली कामे घोटत, तपश्चर्या केली. मग नोव्हेंबर 2005 मध्ये कंपनीने अवघी रचना बदलली. तीसहून अधिक व्यवसायांचे नऊ झाले आणि जेडाय पहिल्या दिवसापासून कोणालाही निवडता येऊ लागला. ज्यांनी वर्ष घालवले त्यांचे हातचे काही काढून घेतले नव्हते, तरी ते संतापले आणि अनेकांनी खेळ सोडला. डिसेंबर 2011 मध्ये तो बंद पडला. दुसऱ्याला सहज मिळाले म्हणून आपले कमी होते का, हा प्रश्न तर्काने सोपा आणि माणसांच्या बाबतीत अतिशय अवघड आहे.

कोरियातील 'रॅग्नारोक ऑनलाइन'ने याच भावनेला निराळे वळण दिले. तेथे 99 व्या पातळीला पोचलेल्या पात्राला पुनर्जन्म घेता येतो आणि तो पुन्हा पहिल्या पातळीवरच. पण पूर्वपुण्य वाया जात नाही : सामान्य नवशिक्याला आरंभी 48 सामर्थ्यगुण मिळतात, पुनर्जन्म घेतलेल्याला 100, आणि पुढे अधिक श्रेष्ठ वर्गही खुले होतात. चढण मात्र पहिल्यापेक्षा लांब. खालून सुरुवात करणे ही येथे शिक्षा राहत नाही, तो मान होतो.

यात पैसाही शिरला आहे. 2014 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने एखादे पात्र थेट 90 व्या पातळीवर नेऊन ठेवण्याची सेवा 60 डॉलरला विकायला काढली. 55 पासून आरंभ देताना निदान आधीचे कर्तृत्व तपासले जात होते. येथे खिसा तपासला जाऊ लागला. व्यवस्थापन कोट्यातील जागांशी परिचित असलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला यावर अधिक भाष्य नको.

या साऱ्या चर्चेत जुना खेळाडू केंद्रस्थानी असतो. उशिरा आलेल्याचा विचार क्वचितच होतो. महिन्याला पंधरा डॉलर शुल्क, चांगला संगणक आणि अखंड जोडणी मागणारे हे खेळ 2000 च्या दशकात आपल्याकडे मोठ्या शहरांतील मोजक्या घरांपुरतेच राहिले. केज, धारूर किंवा गेवराईच्या मुलाच्या हाती स्वस्त इंटरनेट आले ते 2016 नंतर, आणि तेही मोबाइलवर. तोपर्यंत वॉरक्राफ्टचे जग बारा वर्षांचे होऊन 110 व्या पातळीवर जाऊन बसले होते. या मुलाकडे ना 55 व्या पातळीचे जुने पात्र, ना 60 डॉलर. वरून सुरुवात करण्याची प्रत्येक सवलत 'आधी इथे होतात का' हे विचारून मिळत असेल, तर ती अंतर कमी करीत नाही.

अलीकडच्या काही खेळांनी म्हणूनच पातळीचा आकडाच निष्प्रभ करायला घेतला आहे. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये 2016 पासून कोणत्याही पातळीचे पात्र कोणत्याही प्रदेशात जाऊ शकते. शत्रूशी झुंजताना कमी पातळीच्या पात्राचे बळ आपोआप जुळवून घेतले जाते. त्यामुळे 2017, 2019 आणि 2023 मध्ये त्यात आलेले तिन्ही नवे वर्ग पहिल्या पातळीपासून सुरू होऊनही एकाकी पडले नाहीत. नवा आणि जुना पहिल्या संध्याकाळपासून बरोबर हिंडू शकतात. मोबाइलवरील 'डायब्लो इमॉर्टल'मध्ये 2023 साली 'ब्लड नाइट' हा वर्ग दाखल झाला तेव्हा जुन्यांना दुसरे पात्र काढण्याचीही गरज नव्हती. आहे त्याच पात्राचा वर्ग बदलता येतो आणि कमावलेली पातळी तशीच राहते.