चिंचांब्याचा कॅप्टन आणि त्याचे आठ स्वार

15 जानेवारी 1859. रिसोडजवळच्या चिंचांब्यात रोहिल्यांची टोळी लुटीसह सापडली. कॅप्टन हर्बर्ट मॅकवर्थ क्लॉग्स्टनने अवघ्या आठ स्वारांनिशी तिच्यावर घोडे घातले. टोळीला पुन्हा गावात शिरावे लागले आणि अखेर लूटही टाकून द्यावी लागली. कॅप्टन गंभीर जखमी झाला, आठांपैकी सात स्वार गमावले. या धाडसाबद्दल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. चिंचांब्याच्या चकमकीची दुसरी बाजू मात्र गौरवपत्रात नाही. तिथेच भिंतीआडून लढणाऱ्या रोहिल्यांवर चाल करून जाताना कॅप्टन मॅकिनन ठार झाला होता.

क्लॉग्स्टनचा जन्म 1820 चा, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचा. मूळ नेमणूक मद्रास पायदळात. चिंचांब्यात तो हैदराबाद कंटिन्जंटच्या दुसऱ्या घोडदळाचा होता. हे कंटिन्जंट म्हणजे एक अजब प्रकरण. फौज निजामाची म्हणायची, पगार निजामाच्या तिजोरीतून द्यायचा आणि हुकूम मात्र इंग्रज रेसिडेंटचा. रेसिडेंट हेन्री रसेलने उभारलेली ‘रसेल ब्रिगेड’ हे तिचे आधीचे रूप. पगार थकत गेला आणि 1853 च्या तहात निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि लातूरला लागून असलेला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपवावा लागला. आपल्याच नावाच्या फौजेपायी मुलूख गहाण पडला, असा हा व्यवहार.

नांदेडकरांना या फौजेची ओळख त्याआधीच पटली होती. हटकर समाजाचा नायक नोवसाजी याने उमरखेड-हदगावच्या पट्ट्यात निजामाला आव्हान दिले, तेव्हा जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनने त्याच्या नोव्हाच्या गढीला वेढा घातला. गढीत अरब शिबंदी होती. ती शेवटपर्यंत लढली आणि महिनाअखेर गढी पडली. पुढे या कंटिन्जंटच्या पलटणींच्या निशाणांवर ‘नोव्हा’ हा युद्धसन्मान म्हणून झळकू लागला. मराठवाड्यातल्या एका गढीचे नाव असे पलटणीच्या मिरवणुकीत गेले. ज्याची गढी होती त्या नोवसाजीला कैद करून हैदराबादला नेण्यात आले.

मग 1859 मधले हे रोहिले कोण? जहागीरदार आणि सावकार वसुलीसाठी पोसत ते भाडोत्री शिपाई, पगार थकला की गावांवर तुटून पडणारे. त्यांच्या लुटीत होरपळली ती इथलीच रयत. पण गोष्ट इथे संपत नाही. देगलूरजवळच्या कौलासकडचा पटवारी रंगराव पागे नानासाहेब पेशव्यांना भेटून परतला आणि इंग्रजांविरुद्ध उठावासाठी याच रोहिल्यांची जमवाजमव करू लागला. कौलासचा राजा दीपसिंगही त्यात सामील होता. कट फुटला. रंगरावाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि अंदमानातच त्याचा अंत झाला. म्हणून क्लॉग्स्टनच्या गौरवपत्रातला ‘बंडखोर’ हा शब्द मी जसाच्या तसा घेत नाही. आणि प्रत्येक रोहिल्याला स्वातंत्र्यसैनिक ठरवण्याची हल्लीची घाईही मला मानवत नाही.

क्लॉग्स्टन पुढे मेजर झाला. 6 मे 1862 रोजी हिंगोलीच्या छावणीच्या मुलखातच तो मारला गेला. त्याची लेक ब्लांश हिला इंग्लंडमधले नामवंत चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांनी पालक होऊन वाढवले. त्यामुळे कलेच्या इतिहासातही या घराण्याची नोंद राहिली.

त्या आठ स्वारांची नावे गौरवपत्रात नाहीत. कंटिन्जंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते: घोडा शिलेदाराचा, त्यावर स्वार तो स्वतः, नाहीतर त्याने ठेवलेला बारगीर. घोडा म्हणजे त्या घरची पुंजी. घोडदौडीत माणूस पडला की दुःख एक आणि घोडाही गेला तर नुकसान दुसरे. अर्थात नावे कळवली असती तरी व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळणारच नव्हता. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना 1857 मध्ये खुला झालेला हा सन्मान हिंदी शिपायांना 1911 पर्यंत बंद होता. पंचम जॉर्जने दिल्ली दरबारात ती अट काढली आणि पहिला हिंदी मानकरी ठरला शिपाई खुदादाद खान, 1914 च्या बेल्जियममधल्या लढाईसाठी. तोवर चिंचांब्याला 55 वर्षे उलटली होती आणि दुसऱ्या घोडदळाचे नावही बदलून 29 वी लान्सर्स झाले होते. आज त्याच परंपरेतली डेक्कन हॉर्स भारतीय लष्करात रणगाडे चालवते.