ग्रीक शोकात्मिकेतील नियती आणि अपराध : खानदेशातील दोन ग्रंथांच्या संदर्भात

ग्रीक शोकात्मिकेविषयी मराठीत लिहिताना ‘मनुष्य हा नियतीच्या हातातील बाहुले आहे’ हे विधान वारंवार केले जाते. त्याच्या पुष्ट्यर्थ सॉफोक्लिसच्या ‘ईडिपस’चा दाखला दिला जातो. भविष्यवाणी टाळण्यासाठी ईडिपस घर सोडतो आणि नेमका तिच्याच दिशेने चालत जातो; म्हणून दैव बलवत्तर, असा निष्कर्ष काढला जातो. दुसरीकडे अ‍ॅरिस्टॉटलच्या आधारे ईडिपसच्या स्वभावातील दोष शोधून त्याच्या दुःखाला तोच जबाबदार ठरविला जातो. ही दोन्ही मते एकाच उत्तरपत्रिकेत सुखाने नांदतात. परंतु सर्व काही दैवाने घडले असेल तर दोष कोणाचा, आणि दोष त्याचा असेल तर दैवाचे प्रयोजन काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याची उकल करताना धुळे आणि जळगाव येथे निर्माण झालेल्या दोन कृतींची मदत कशी होते, हे येथे पाहावयाचे आहे.

१. संज्ञांचा विचार

गोंधळाचे एक कारण अनुवादात आहे. ‘मोइरा’ या ग्रीक शब्दासाठी मराठीत ‘दैव’, ‘नियती’, ‘प्रारब्ध’ हे शब्द सरसकट वापरले जातात. त्यांपैकी ‘प्रारब्ध’ या शब्दामागे पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त उभा आहे. त्या सिद्धान्तानुसार कोणतेही दुःख सर्वस्वी निष्कारण नसते. ग्रीक शोकात्मिकेत असा जन्मांतरीचा हिशेब नाही. तेथे घराण्याचा शाप पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. पण तो भोगणाऱ्याने पूर्वी काही केलेले असतेच असे नाही. ‘मोइरा’चा मूळ अर्थ ‘वाटा’, ‘हिस्सा’ असा आहे. या दृष्टीने ‘वाट्याला येणे’ हा मराठीतील साधा वाक्प्रचार त्या कल्पनेच्या अधिक निकट आहे. वाट्याला आलेले हे कमावलेले असेलच असे नाही.

‘हामार्तिआ’ म्हणजे पाप नव्हे. नेम चुकणे, या अर्थच्छटेचा हा शब्द असून अज्ञानातून घडलेली चूकही त्यात येते. तिसरी संज्ञा ‘मिआस्मा’. नात्यातील रक्त सांडल्याने येणारी ही अशुद्धी कर्त्याचा हेतू पाहत नाही आणि संसर्गाने सर्व नगराला ग्रासते. तिला ‘पाप’ म्हणण्यापेक्षा ‘विटाळ’ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. थीब्ज नगरीतील साथ ही या विटाळाची खूण आहे.

२. दैवाची मर्यादा

मराठी वाचकास हे नाटक पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) मुळेही परिचित आहे. त्याच्या रचनेतील एक गोष्ट महत्त्वाची आहे. पित्याचा वध आणि मातेशी विवाह या दोन्ही घटना नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेल्या आहेत. रंगभूमीवर घडतो तो केवळ शोध. द्रष्टा तिरेसिअस, राणी योकास्ता आणि वृद्ध मेंढपाळ हे तिघेही आपापल्या परीने राजाला थांबवू पाहतात. तो थांबत नाही. पूर्वीचे कृत्य अटळ असेल. पण त्याचा छडा लावण्याचा आग्रह सर्वस्वी ईडिपसचा आहे. डोळे फोडून घेतल्यावर तो या यातनांचे कर्तृत्व अपोलोकडे देतो. आघात करणारा हात मात्र आपलाच होता, असे सांगतो. वाटा देवाचा आणि हात माणसाचा, हा भेद नाटककाराने स्वतः केला आहे.

३. धुळे : न्यायाधीशाचा दृष्टान्त

२१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवारी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ उपलब्ध झाला. अर्जुनाच्या विषादाचा अर्थ सांगताना विनोबा एका न्यायाधीशाचा दृष्टान्त देतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या या न्यायाधीशापुढे एके दिवशी त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो. आणि फाशीची शिक्षा अमानुष आहे, असे तत्त्वज्ञान त्याला सुचू लागते. विनोबांच्या मते हे तत्त्वज्ञान नव्हे, मोह आहे.

या दृष्टान्ताशेजारी ईडिपसला ठेवल्यास त्याची थोरवी स्पष्ट होते. राजा या नात्याने तोही न्यायासनावर आहे. लायसच्या मारेकऱ्याला त्याने जाहीर शाप दिला आहे. आरोपी आपणच आहोत हे उमगल्यावर तो शाप मागे घेत नाही किंवा नियमातून स्वतःला वगळत नाही. मात्र येथे एक फरकही लक्षात घ्यावयास हवा. गीतेपुढील प्रश्न पुढे करावयाच्या कर्माचा आहे. शोकात्मिकेपुढील प्रश्न नकळत घडून गेलेल्या कर्माचा आहे. सॉफोक्लिसच्या निधनानंतर इ. स. पू. ४०१ मध्ये सादर झालेल्या ‘कोलोनस येथील ईडिपस’ या नाटकात वृद्ध ईडिपस ठामपणे सांगतो की, त्याने हे जाणून केलेले नाही आणि कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. परिणाम स्वीकारणे आणि अपराध कबूल करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

४. जळगाव : ज्योतिषाला नकार

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना तरुण वयात वैधव्य आले. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बहिणाबाईंची गाणी’ या संग्रहात या अनुभवाच्या रचना आहेत. एका रचनेत त्या ज्योतिषाला आपला हात पाहू नको, दारी येऊ नको, असे बजावतात. आपले दैव आपल्याला ठाऊक आहे, असे सांगतात. योकास्ताही भविष्यवाणीवर अविश्वास दाखविते. पण तिला सत्य कळावयास नको आहे. बहिणाबाईंचा नकार सर्व कळून चुकल्यानंतरचा आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा विटाळाचा. पतीचा मृत्यू हे विधवेचे कर्म नव्हे. तरी रूढी तिला अशुभ ठरवून मंगल प्रसंगातून दूर सारीत असे. कृत्यावाचून लादलेले हे दूषण ‘मिआस्मा’पेक्षाही कठोर आहे, कारण ईडिपसच्या हातून निदान वध तरी घडला होता. ‘तिचे प्रारब्ध’ एवढे म्हटले की या अन्यायाचे समर्थनही होऊन जाते. बहिणाबाई हे समर्थन स्वीकारीत नाहीत. कुंकू पुसले तरी गोंदण राहते, बांगड्या फुटल्या तरी मनगटातील कर्तृत्व राहते, असे त्या सुचवितात. वाट्याला आलेले एका बाजूला आणि स्वतःचे ते दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी आहे. शेतात राबणाऱ्या, निरक्षर कवयित्रीने ती कोणत्याही ग्रीक ग्रंथाच्या आधाराविना केली.

५. निष्कर्ष

शोकात्मिका वाचताना ‘दोष कोणाचा?’ हा एकच प्रश्न विचारल्यास दैववाद किंवा दोषारोप यांपैकी एक टोक गाठले जाते. त्याऐवजी तीन प्रश्न वेगळे ठेवणे इष्ट होय : व्यक्तीच्या वाट्याला काय आले, तिच्या हातून काय घडले, आणि तिने स्वतःवर काय घेतले. एस्किलसच्या ‘ओरेस्तेइआ’ या नाट्यत्रयीत (इ. स. पू. ४५८) मातृवधाचा प्रश्न न्यायसभेपुढे येतो आणि समसमान मते पडून ओरेस्तेस मुक्त होतो, तेथेही ‘हातून घडले’ आणि ‘अपराधी ठरले’ यांतील अंतरच प्रकट होते. ही नाट्यत्रयी शोकान्त नाही, म्हणूनच ‘शोकान्तिके’पेक्षा ‘शोकात्मिका’ ही संज्ञा अधिक समर्पक वाटते. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की निरपराध व्यक्तीही अपराधी ठरते, याची साक्ष थीब्जच्या राजाइतकीच जळगावच्या कवयित्रीच्या गाण्यांतून मिळते.