इंजिन एकदाच उघडायचं

आमच्या ब्लॉकच्या चौथ्या मजल्यावर एक अंकल राहतात. (सिंगापुरात वयाने मोठा दिसेल तो अंकल, हे नव्याने आलेल्या मंडळींसाठी सांगून ठेवतो.) वय अठ्ठ्याहत्तर. लिफ्टमध्ये भेटले की हवापाण्याच्या दोन गोष्टी, एवढीच आमची ओळख. गेल्या वर्षी एका रविवारी पार्किंगच्या उतारावरून एक बुटकी, उघड्या टपाची हिरवी गाडी खाली येताना दिसली. आत अंकल! मी बघतच राहिलो. उतार संपला, अंकलनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागून निळ्या धुराचा मोठा लोट निघाला. अंकलचा चेहरा पडला, आणि माझ्यातला मेकॅनिकल इंजिनीअर जागा झाला.

गाडी होती १९७०ची एम.जी.बी. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांच्यावर गाड्या बनल्या. १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं, दणकट इंजिन. अंकलनी ती तरुणपणी जुनी म्हणून घेतली होती. त्या काळी इथल्या अप्पर थॉमसन रोडवर ग्रां प्री शर्यत व्हायची. १९६१ साली ती सुरू झाली आणि १९७३ला बंद पडली. डोंगरझाडीतून जाणाऱ्या सुमारे पावणेपाच किलोमीटरच्या सार्वजनिक रस्त्यावर या शर्यतीच्या गाड्या धावत. तिथल्या ‘डेव्हिल्स बेंड’ नावाच्या वळणापाशी उभं राहून अंकलनी शेवटची शर्यत पाहिलेली.

आता थोडं इथल्या नियमांबद्दल. पस्तीस वर्षांपेक्षा जुनी गाडी इथे ‘क्लासिक’ म्हणून नोंदवता येते. ती स्वस्तात ठेवता येते खरी, पण वर्षातून ४५ दिवसच रस्त्यावर काढायची. शिवाय पासष्टीनंतर लायसन टिकवायचं तर दर तीन वर्षांनी डॉक्टरची तपासणी. अंकलची पुढली तपासणी जवळ आली होती आणि डोळे काही पूर्वीचे राहिले नव्हते. लिफ्टपाशी ते मला म्हणाले, “धिस मे बी लास्ट टाइम ला.” म्हणजे इंजिनाचं काम करायचं तर ते एकदाच आणि नीट. काही चुकलं आणि दुसऱ्यांदा उघडावं लागलं, तर उरलेले दिवस गॅरेजमध्येच जायचे.

पहिला प्रश्न असा, की धूर कशाचा? पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर गाडी जोर लावताना, चढावर, सारखी धूर मारते. पण उतारावर पाय काढलेला असताना इंजिनात निर्वात तयार होतो. त्या ओढीने व्हॉल्व्हच्या दांडीशेजारून तेल आत खेचलं जातं, आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की ते एकदम जळून बाहेर पडतं. पार्किंगच्या उतारावर दिसलं ते नेमकं हेच. म्हणजे संशय गाईडवर. गाईड म्हणजे हेडमध्ये ठोकून बसवलेली ओतीव लोखंडाची छोटी नळी. व्हॉल्व्हची दांडी तिच्यात वरखाली होते. कॉम्प्रेशन पाहिलं तर तीन सिलिंडर ठीक आणि दुसऱ्याचं बरंच कमी. त्यात हवा भरली तर सायलेन्सरच्या नळीतून फुसफुस ऐकू आली. याचा अर्थ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता.

हेड काढून आम्ही सिन मिंगच्या एका वर्कशॉपात नेलं. तिथल्या मिस्त्रीने बोटाने दोन व्हॉल्व्ह हलवून पाहिले आणि निकाल दिला, “चेंज ऑल. फिनिश!” अंकल म्हणाले, “नो, नो, ओरिजिनल! स्टिल कॅन!” त्यांना एकूणएक भाग तरुणपणीचाच हवा होता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. इंग्लंडात एम.एस्सी. केलेला माणूस म्हणजे त्याला सगळं ठाऊक!

खरं सांगायचं तर एम.एस्सी.त मी गाईड एकदाही बदलली नव्हती. मला जे ठाऊक होतं ते पुण्यात, १९९४ साली वडिलांच्या फियाटवर शिकलेलं. तेव्हा गाडी तेल खात होती म्हणून एका गॅरेजवाल्याने नव्या गाईड ठोकल्या, व्हॉल्व्ह जुनेच ठेवले, पेस्ट लावून घासले आणि गाडी दिली. पैसे वाचले म्हणून वडील खूश! चार महिन्यांनी गणपतीला कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाटात गाडीने दम सोडला. एक व्हॉल्व्ह कडेला जळून त्याला खाच पडली होती. आईने डबा उघडून आम्हाला घाटातच जेवायला घातलं, पण वडील जेवले नाहीत.

तिथे चुकलं काय ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. नवी गाईड कितीही नीट ठोकली तरी तिचा मध्य जुनीच्या मध्यावर तंतोतंत येत नाही. व्हॉल्व्ह मात्र गाईडच्या मध्यावर चालणार, आणि हेडमधली त्याची बैठक, म्हणजे सीट, जुन्या मध्यावर कापलेली! मग तो एका बाजूलाच टेकतो. नुसतं घासून हा तिरकेपणा जात नाही. म्हणून गाईड बदलली की तिच्याच मध्यावरून सीट पुन्हा कापून घ्यायची, आणि मगच घासायचं. हा क्रम चुकला तर नवी गाईड जुनीपेक्षा वाईट. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाबतीत हे फार महागात पडतं, कारण त्याच्या तबकडीची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडात जाते, उरलेली दांडीतून गाईडमध्ये. टेकणं अर्धवट झालं की तो तापतो, कड जळते, आणि फारच वाईट वेळ आली तर तबकडी तुटून पिस्टनवर पडते. मग आख्खं इंजिन गेलं म्हणायचं.

तेव्हा मी दोघांना म्हटलं, भांडण नको, आधी मोजू या. बोटाने हलवून पाहणं फसवं असतं, कारण दांडीच्या टोकाशी थोडी फट असली तरी तबकडी बरीच हलते. म्हणून दांडी मायक्रोमीटरने आणि गाईड आतल्या गेजने, दोन्ही वर, मध्ये आणि खाली अशी मोजायची. रॉकरच्या तिरक्या धक्क्याने गाईड दोन्ही टोकांना घंटेसारखी रुंदावते, मध्ये मात्र शाबूत राहते. मधेच मोजलं तर सगळं छान वाटतं!

या इंजिनाच्या पुस्तकात दांडी आणि गाईडमधली फट इनलेटला ०.०३८ ते ०.०६४ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.०५१ ते ०.०७६ मिलिमीटर दिली आहे. आमच्या एक्झॉस्ट गाईडमध्ये मध्यभागी ०.०८ आली, पण खालच्या टोकाला ०.१५! दांड्याही झिजलेल्या, आणि दुसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची कड सुरीसारखी पातळ. यात नवल नव्हतं. या हेडमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा जळका वायू एकाच तोंडातून बाहेर जातो, त्यामुळे तो भाग सगळ्यात जास्त तापतो. इनलेटच्या गाईडही सैल होत्या, पण इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्या मात्र जवळजवळ नव्यासारख्या. झीज शंभराव्या भागाच्याही आत.

मोजमाप हाती आल्यावर निर्णय सोपा झाला. आठही गाईड नव्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चारही नवे, जो बरा दिसत होता तोसुद्धा. त्यांची किंमत चौघांच्या एका हॉटेलातल्या जेवणाएवढी, आणि जोखीम आख्ख्या इंजिनाची. तिथे काटकसर करायची नाही. इनलेट व्हॉल्व्ह मात्र अंकलचेच, जुने. ते थंड हवेत चालतात, मापात आहेत, आणि नवं म्हणजे चांगलंच असं नाही. कारखान्यातला मूळ माल कधीकधी आजच्या स्वस्त मालापेक्षा सरस असतो. थोडं अंकलचं राहिलं, थोडं मिस्त्रीचं.

आणखी दोन गोष्टी इथल्या म्हणून ठरवल्या. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा पातळ थर सीटवर बसून ओतीव लोखंडाचं रक्षण व्हायचं. सिंगापुरात १९९८ साली आणि भारतात २००० साली ते पेट्रोल बंद झालं. हवेसाठी आणि मुलांच्या मेंदूसाठी फार चांगलं झालं, पण जुन्या इंजिनात भरधाव चालवलं तर एक्झॉस्ट सीट हळूहळू खचते. म्हणून हेडमध्ये कडक धातूच्या नव्या सीट बसवून घेतल्या. दुसरी गोष्ट फटीची. ही गाडी वर्षातले ३२० दिवस इथल्या दमट हवेत उभी राहणार, आणि निघाली की ट्रॅफिकमध्ये तापणार. अशा गाडीत घट्ट गाईड सैल गाईडपेक्षा घातक! दांडी तापून फुगली किंवा गंजली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकून बसतो. म्हणून एक्झॉस्टची फट मुद्दाम वरच्या मर्यादेजवळ, ०.०७ ठेवली. थोडं तेल खाईल, खाऊ दे.

मिस्त्रीने मान डोलावली. सीट त्याने इतक्या सुंदर कापल्या, की माझी सगळी आकडेमोड त्याच्या हातापुढे फिकी पडली. हेही नोंदवायला हवं.

एका रविवारी पहाटे अंकलनी मला शेजारी बसवलं आणि गाडी ओल्ड अप्पर थॉमसन रोडला घेतली. झाडांतून माकडं बघत होती. एका उतारावर त्यांनी पाय काढला, वळणाशी पुन्हा दाबला. मी मागे वळून पाहिलं. धूर नाही. अंकलनी विचारलं, “गॉट स्मोक?” मी म्हटलं, “नो स्मोक, अंकल.” मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

पाचशे किलोमीटरनंतर टॅपेटची फट पुन्हा पाहिली. ०.३८ ठेवली होती, तेवढीच होती. ती आपोआप कमी होत गेली तर सीट खचते आहे असं समजावं. अंकलची डॉक्टरी तपासणी पुढल्या महिन्यात आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, पुण्याला किंवा सांगलीला, आजोबांची फियाट अजून अंगणात उभी असेल आणि गणपतीला गेल्यावर ती चालू करायचा बेत असेल, तर गॅरेजवाल्याला दोनच प्रश्न विचारा. गाईड तिन्ही जागी मोजल्या का? आणि गाईड बदलल्यावर सीट कापल्या का? तो चिडला तर चिडू दे. मी वडिलांच्या वेळी विचारायला हवे होते, पण तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि हे प्रश्न मला माहीत नव्हते.