पेसमेकरची बॅटरी माणसामागे उरते तेव्हा

पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत लाकडाची चिता असो की विद्युतदाहिनी, देहात पेसमेकर असेल तर तो आधी काढावा लागतो. बंदिस्त बॅटरी आगीत फुटते, जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. काम डॉक्टरांचे, पण अवघड नाही. कॉलरबोनच्या खाली लहानसा छेद, तारा कापायच्या, डबी बाहेर. मात्र दाखला, पास, शववाहिनी आणि परगावच्या नातेवाइकांची वाट या गडबडीत घरच्यांना ते आठवेलच असे नाही. आठवले तरी त्या डबीचे पुढे काय, हे सहसा कुणी विचारत नाही.

विचारायला हवे, कारण पेसमेकरचा इतिहास हा बराचसा बॅटरीचाच इतिहास आहे. सुरुवातीची यंत्रे भिंतीतल्या विजेवर चालत. ऑक्टोबर 1957 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसची वीज गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर अशा यंत्रावर असलेल्या मुलांचे प्राण टांगणीला लागले. सर्जन लिलेहाय यांच्या सांगण्यावरून अर्ल बाकन यांनी काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर तयार केला.

तो शरीराच्या आत गेला 8 ऑक्टोबर 1958 रोजी, स्टॉकहोममध्ये. आर्ने लार्सन हे 43 वर्षांचे गृहस्थ वारंवार बेशुद्ध पडत होते. पत्नी एल्से-मारी यांनी सर्जन ऑके सेनिंग आणि अभियंते रुने एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. एल्मक्विस्ट यांनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात सर्किट राळेत ओतले. ते यंत्र काही तासांतच बंद पडले, दुसरे बसवावे लागले. पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत लार्सन 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले. आपल्यावर उपचार करणाऱ्या या दोघांच्याही मागे ते राहिले. मला या साऱ्या कथेत एल्से-मारींचा हट्ट सर्वांत मोलाचा वाटतो.

त्या काळच्या पेसमेकरमधल्या पाऱ्याच्या बॅटऱ्या जेमतेम दोनेक वर्षे टिकत. सत्तरच्या दशकात विल्सन ग्रेटबॅच यांच्या प्रयत्नांनी लिथियम-आयोडीन बॅटरी आली आणि तेच यंत्र अनेक वर्षे चालू लागले. आज पुण्यात सत्तरी-ऐंशीतले आजोबा पेसमेकर बसवून दोन-चार दिवसांत घरी येतात, पुन्हा पर्वतीच्या पायथ्याशी फिरायला जातात. पण बसवल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत माणूस दुसऱ्याच आजाराने गेला, तर बॅटरीत कित्येक वर्षांचे आयुष्य शिल्लक असते.

ते वाया जाऊ न देण्याचा प्रयोग मुंबईत झालेला आहे. अमेरिकेत अंत्यविधीच्या वेळी काढलेले पेसमेकर तपासून, निर्जंतुक करून होली फॅमिली रुग्णालयात 53 गरीब रुग्णांना बसवले गेले. दान आलेल्या 121 पैकी तेवढ्यांचीच बॅटरी पुरेशी होती. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पुनर्वापराच्या उपकरणांमुळे जंतुसंसर्गाचा धोका लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. उत्पादक मात्र हे उपकरण एकदाच वापरायचे म्हणून विकतात. ही अडचण खरी आहे. कुठे काढले, कुणी तपासले, कुणाला बसवले याची चोख नोंद नसेल तर पुनर्वापर धोक्याचा ठरेल.

नेत्रदानाचा अर्ज भरून ठेवणारी घरे पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांना पेसमेकरदानही पटेल, अशी माझी खात्री आहे. डबी रीतसर स्वीकारणारी, तपासणारी आणि तिचा हिशेब ठेवणारी सोय मात्र आधी उभी राहिली पाहिजे. तोपर्यंत घरच्यांनी पेसमेकरचे ओळखपत्र सापडेल अशा जागी ठेवावे आणि पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना बॅटरी किती उरली आहे, एवढे विचारावे.