बाकडं मागा, पण जमाही पाहा

पुणे महापालिकेनं २००६ साली अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. अर्ज घ्यायचा, गल्लीतला पदपथ, दिवा, बाकडं लिहून द्यायचं. (बाकडी आपण जरा जास्तच मागतो!) योजना उत्तमच, पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची नजर आधी जमेकडे जाते. २०१३ साली जकात गेली, २०१७ साली स्थानिक संस्था करही. आता जीएसटीच्या अनुदानासाठी राज्य सरकारकडे पाहायचं. हातचा उरला तो मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम शुल्क. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हा तर अंदाजपत्रक मांडणारा नि मंजूर करणाराही प्रशासकच! म्हणून यंदा अर्ज देताना खिडकीवर एवढं विचाराच: गेल्या वर्षी मंजूर झालेल्या आमच्या दिव्यावर प्रत्यक्षात किती रुपये खर्ची पडले?