नमद्याची कबुतरे आणि परत केलेला बयाणा

आमच्या मुलीचे पहिले बाळंतपण चांदूर रेल्वेला आमच्याच घरी झाले. नवाशासाठी पाळणा बांधला, तेव्हा वर चिमणाळे हवे झाले. बाजारात चावीचे प्लॅस्टिकचे मिळते. पण सारी उमर कापड मोजण्यात गेलेल्या नानाने प्लॅस्टिक टांगावे, हे मनाला पटेना. चिमणाळे घरीच करायचे ठरले.

कापड निवडले नमदा. मराठीत त्याला बुरणूस म्हणतात, दुकानात फेल्ट. हे कापड मागावर विणत नाहीत. ओली लोकर दाबून, लाटून तंतू एकमेकांत अडकवतात. ताणा-बाणाच नसल्याने कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत आणि कड दुमडावी लागत नाही. काश्मीरचा व राजस्थानातील टोंकचा नमदा मशहूर आहे. बाजारातले स्वस्त रंगीत तक्ते मात्र बहुधा लोकरीचे नसून पॉलिस्टरचे असतात; घेताना विचारावे.

गोष्ट घेतली 'कलीला व दिम्ना'तील. जाळ्यात अडकलेली कबुतरे एकजुटीने जाळ्यासकट उडतात आणि दोस्त उंदीर जाळे कुरतडून त्यांना सोडवतो. ही गोष्ट मूळची पंचतंत्रातील. सहाव्या शतकात ती पहलवी भाषेत गेली, आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांनी अरबीत आणली. आता ती वऱ्हाडातल्या पाळण्यावर आली.

आमच्या दुकानाचे फॉल-पिको करणाऱ्या आपांनी कापणी-शिवणी केली. भरतकामाच्या लाकडी रिंगला सहा कबुतरे, मध्ये मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे, खाली उंदीर. रिंग एका बाजूला कलली, तर दोरा थोडा सरकवून तोल साधला. काम देखणे झाले. पण मुलगी म्हणाली, "अब्बा, खाली झोपून बघा ना." झोपून पाहिले, तर कबुतरांच्या नुसत्या कडा दिसत होत्या! आम्ही माल गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिला होता आणि आमचे गिऱ्हाईक तर पाळण्यात उताणे पडलेले. आपांनी सारी उसवून, पंख पसरून, पोट खाली करून पुन्हा शिवली. तान्ह्या बाळाला फिके रंग नीट दिसत नाहीत, म्हणून राखाडीऐवजी काळा-पांढरा रंग घेतला. डोळ्यांना मणी न लावता दोऱ्याचे टाके घातले. मणी सुटून तोंडात गेला तर जिवावर बेतते. चिमणाळे बाळाच्या हाताला लागू नये इतके उंच बांधले. पाचव्या महिन्याच्या सुमारास, किंवा त्याआधीच मूल हातापायांवर उठू लागले, तर ते काढून ठेवावे.

एका गिऱ्हाइकाने ते पाहून वीस नग मागितले आणि बयाणाही ठेवला. आम्ही खुशीत होतो. जर्मनीत मार्गारेटे स्टाइफ या बाई नमद्याचे कपडे विकत. १८८० साली त्यांनी टाचण्या खोचायला नमद्याचा छोटा हत्ती केला. मुले त्याच्याशी खेळू लागली आणि त्यातूनच खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. आमच्याही डोळ्यांसमोर तोच हत्ती होता.

तेवढ्यात मुलाने कायदा दाखवला. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. सूट आहे ती विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना, तीही त्यांनी स्वतः बनवून स्वतः विकलेल्या मालावर. आपांची नोंदणी नव्हती. शिवाय आम्ही मध्ये बसून नफा घ्यायचा, तर ही सूट आमच्या कामाची नाही.

बयाणा परत केला. वाईट वाटले, आपांना जास्त वाटले, कारण मजुरीचा हिशेब त्यांनी मनात मांडून ठेवला होता. आता त्यांचा नोंदणीचा अर्ज आम्ही भरून देत आहोत. नोंदणी झाली की चिमणाळी त्या आपल्या नावाने विकतील. आम्ही कापड देऊ, कापडाचे दाम घेऊ, बस्स.

आमच्या मोहल्ल्यांतून असे हुनर पुष्कळ आहे आणि ते बहुतेक दुसऱ्याच्या पाटीखाली विकले जाते. व्यापारी बंधूंनी आपल्या कारागिराला एकदा विचारावे, "तुमची नोंदणी झाली आहे का?" जाळे सगळ्यांनी मिळून उचलले तरच उडते. नवासा रोज तेच पाहत हातपाय झाडतो.